कागद अटकला की

– तर हे सन दोन हजार चोवीस, नोव्हेंबर, धुरक्याचे दिवस – आणि परवापर्यंत या मानेसरच्या कारखान्यांत मी, या गुलाबरावाने, घेतलेला झिरो कुणी पुन्हा तपासला नव्हता, साहेब. नाही, बसत नाही. उभाच बरा. मी माझ्यासाठी नाही आलो, माझ्या हाताखालच्या अक्षतासाठी आलोय. काल सगळा माल भंगारात गेला, इंद्रजित फोरमनने तिला अख्ख्या लाइनीसमोर झाडलं – लडकी को मशीन दी किसने, म्हणाला – आणि आजचा दिवस भर, उद्यापासून येऊ नको. तिचं काही चुकलं नाही. मशीन बिघडलंय. – कसं म्हणजे? जुनं आहे. – हो, सर्व्हिसिंग झालं गेल्या आठवड्यात. ठाऊक आहे मला.

बरं, ऐका. जॉबची, म्हणजे कापायच्या तुकड्याची, वरची पातळी मशीनला सांगावी लागते, तिथून ते खोली मोजतं. तोच झिरो. मी पतंगाचा कागद जॉबवर धरतो, सरकवत राहतो, दुसऱ्या हाताने चाक फिरवून कापायचं टूल खाली आणतो. कागद अटकला की टेकलं. कागदाची जाडी वजा केली की झालं. तुम्ही आणलेलं ते सेन्सर मी डब्यातून काढलंही नाही – मला बोटं आहेत, म्हणालो.

काय बघताय? हा चटका? चहाच्या पातेल्याचा. – नाही, लागलं नाही. घरी बायको, द्वारका, ओरडली, तेव्हा बघितलं.

साखरेचा आजार आहे, साहेब. बोटांना कळत नाही. दसऱ्यापासून कागदही कळत नाही. अक्षताला मी सांगितलं नव्हतं, तिनेच ओळखलं. चाक मी फिरवायचो, कागद ती सरकवायची, अटकला की मान हलवायची – लोकांना वाटायचं, उस्ताद पोरीला शिकवतोय. मीही तेच सांगायचो. काल तिची बस उशिरा आली. इंद्रजित म्हणाला, उस्ताद, अब बेटी के बिना हाथ नहीं चलता? झोंबलं मला. एकट्याने घेतला झिरो. टूल कागद चिरडून जॉबला लागलं, तरी मी आपला चाचपतोय. मग ती आली आणि माझ्या भरवशावर तिने बटण दाबलं. प्रत्येक जॉब खोल कापला गेला.

तिला झाडत होते तेव्हा तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मी खाली बघून हात पुसत होतो – स्वच्छच होते हात. तीच म्हणाली, गलती हो गई, सर.

नाही, तुम्हाला सांगून भागत नाही. केबिनमध्ये नको. तिला लाइनीसमोर झाडलं, मीही तिथेच बोलणार. चला, साहेब. या माझ्यासोबत.

– इंद्रजित, मशीनें रोक. सुनो सब. कल का झिरो मैंने लिया था. गलत लिया. मेरे हाथ को अब पता नहीं चलता. लडकी की कोई गलती नहीं.

अक्षता, रडू नकोस. माझ्यावर तुझं देणं होतं, फिटलं. जा, मशीनवर जा.