थोरल्याचा कागद

साखराबाई : तेवढंच न्हाई मॅडम, आष्टीला जाऊन त्या कागदाला लॅमिनेशन करून आणलंय ह्यांनी. देव्हाऱ्यात ठिवलाय, गणपतीच्या शेजारी.

तेजश्री : साखराबाई, थांबा जरा, मला आधी तुमच्या मालकांकडून ऐकू दे. सुंदरराव, तुम्ही दर महिन्याला माझ्याकडे हजेरीला येता. मागच्या हजेरीला तोच कागद तुम्ही माझ्या टेबलावर ठेवलात, वर पेढा. त्यात लिहिलंय, 'पोळ्याच्या दिवशी मी आप्पाला गटारीत ढकललं.' खाली तुमची सही. मी परिविक्षा अधिकारी आहे, मला ते कोर्टाला कळवावंच लागलं. आता ही नोटीस आलीय, तुमचा बॉण्ड रद्द का करू नये म्हणून.

सुंदरराव : त्याचा निकाल लागलाय की. तात्याबा सरपंचानं चावडीवर लावला. पुढल्या पोळ्याला माझी बैलं समद्यात मागं. एका गुन्ह्याला दोनदा सजा न्हाई, कायदाच हाय तसा. कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्यानं सांगितलं मला.

तेजश्री : कायदा आहे. पण चावडी म्हणजे कोर्ट नव्हे. आणि कोर्ट तुम्हाला ह्या पोळ्याची शिक्षा देणारच नाहीये. तीन वर्षांपूर्वी तुम्ही काठीनं आप्पांचं कपाळ फोडलंत, तीन टाके पडले. गेल्या वर्षी तो गुन्हा शाबीत झाला. कोर्टानं शिक्षा न सुनावता, दोन वर्षं नीट वागेन अशा बॉण्डवर तुम्हाला सोडलं. बॉण्ड मोडला तर त्या जुन्या गुन्ह्याची शिक्षा. पाच-सहा महिने आत जावं लागेल.

साखराबाई : म्हंजी चुलीवरनं उतरून ठिवलेलं कालवण परत चुलीवर.

तेजश्री : तसंच. पण बॉण्ड मोडला का, हे तुमचं ऐकून घेतल्याशिवाय कोर्टाला ठरवता येत नाही. वकील देता येतो, साक्षीदार आणता येतो. ढकललं नसेल तर तसं सांगायचं.

सुंदरराव : मला काय सांगायचं न्हाई. कागद बराबर हाय.

साखराबाई : डोंबल बराबर. मॅडम, मी सांगते, मी ताट घिऊन वेशीपाशीच हुबी होते. हे आन आप्पा चुलत भाऊ. बाहत्तरच्या दुष्काळात एकाच महिन्यात झालेले. आधी कोन झाला ते त्यांच्या आयांनाबी धड सांगता येईना. गुरुजींनी शाळेत दोघांनाबी एक जून टाकून दिला. आन आमच्याकडं पोळ्याला थोरल्याची बैलजोडी वेशीतून पैली निघती. झालं, तीस वर्सं दोघांचं हेच चाललंय, मीच थोरला. कपाळ फुटलं तेबी त्याच्यापायीच. यंदा गाव म्हन्लं, दोन्ही जोड्या संगंच काढा. आता आमची वेस ती केवढी, रिकामा ट्रॅक्टर निघताना घासतो. चार बैलं अडकली. शिंगाचा फुगा फुटला, आप्पांचा बैल बुजला, आन आप्पा गटारीत, नव्या धोतरासकट. हे चार हात लांब होते. देवाशप्पत.

तेजश्री : मग सही कशाला केली?

साखराबाई : संध्याकाळी तात्याबा म्हन्ले, कोनी पाडलं ते ऱ्हाऊ द्या. मिटवायचं तर चूक थोरल्यानं पदरात घ्यायची, आपली रीत हाय. थोरला आसंल त्यानं उठावं. तीस वर्सांत पैल्यांदा आप्पा गप बसले. आन हे उठले. एवढ्या झपाट्यानं उठले, टोपी पडली डोक्यावरची.

तेजश्री : म्हणजे थोरलं म्हणवून घ्यायला तुम्ही न केलेला गुन्हा कबूल केलात?

सुंदरराव : तुमी वाचा की मॅडम. 'सुंदरराव, थोरले बंधू.' वर पंचायतीचा शिक्का. त्रेपन्न वर्सांत असा कागद झाला न्हवता. आता मीच म्हनू का, कागद खोटा? मंग थोरलाबी खोटाच की. त्यापरीस सहा महिने काढीन मी.

साखराबाई : काढा. मॅडम, हे गेले की घरात मी आन दोन बैल. ह्यांच्याबिगर बैल वैरणीला तोंड लावत न्हाईत. मीबी लावत न्हाई, पर ते ह्यांना कधी बोलले न्हाई मी.

सुंदरराव : आता हितं कशाला बोलतीस?

साखराबाई : मंग कवा बोलू, मुलाकतीच्या खिडकीत? मॅडम, आप्पांना आणलंय मी. बाहीर बाकावर हायेत. एकाच एसटीनं आलो, हे पुढं बसले, ते मागं, मी मधी.

सुंदरराव : त्याला कशाला आणलं?

(आप्पा आत येतात.)

आप्पा : समदं ऐकलं म्या. दार लागत न्हाई तुमचं, मॅडम.

तेजश्री : बसा. तुम्हाला कोणी ढकललं, आप्पा?

आप्पा : कोनी न्हाई. माझ्याच बैलानं पाडलं. पोटच्या पोरावानी वाढवलेला बैल, त्यानं साऱ्या गावासमोर गटारीत घातलं, ते कोन्या तोंडानं सांगावं? ह्यानं अंगावर घेतलं तवा बरंच वाटलं मला. म्हन्लं, एक साल तर मागं जाईल. ह्याला आत घालतील हे ध्यानीमनी न्हवतं.

तेजश्री : हे कोर्टात सांगाल? मी जबाब लिहून घेते, पण तिथं शपथेवर बोलावं लागेल. मग तो चावडीचा कागद काही उरणार नाही.

सुंदरराव : आप्पा, ऱ्हाऊ दे. लोक हसतील तुला.

आप्पा : हसू दे. लिहा मॅडम. मी माझ्या बैलामुळं पडलो. माझ्या थोरल्या भावानं मला हात लावला न्हाई.

तेजश्री : 'थोरल्या' हा शब्द घालू?

आप्पा : घाला. तुमच्या कागदावर असू द्या.

तेजश्री : घातला. आणि सुंदरराव, तारखेला तुम्ही काय सांगणार?

सुंदरराव : सांगतो. म्या ढकललं न्हाई. कोर्टाला काय ठरवायचं ते ठरवू दे.

तेजश्री : आप्पा, इथं सही करा.

आप्पा : कुठं? जवळचं दिसंना मला. वैनी, जरा दादाचा चष्मा द्या की.