एकाहत्तर नंबर

— नाही, त्या खुर्चीवर नका बसू वकीलबाई, तिचा मागचा पाय हलतो. या, इथे टेबलापाशी बसा, आणि ती पिशवी मांडीवर कशाला, ठेवा खाली, माझ्या घरची फरशी दिवसातून दोनदा पुसली जाते. काय विचारत होतात — अक्षर? हो, माझंच आहे. अकराही पत्रांवरचं. त्यात लपवायचं काय? या इमारतीत कोणाला सरकारी कागद आला की तो आधी या टेबलावर येतो आणि मग त्याच्या घरी जातो. आम्हाला या देशात येऊन नऊ वर्षं झाली, बाकीचे कोणी चार वर्षांपूर्वी आलेले, कोणी दोन. त्यांना इथली भाषा बाजारापुरती येते, कागदापुरती येत नाही. मला येते. कागदवाली ताई म्हणतात मला. लॉन्ड्रीत मी कोण? तिसऱ्या रोलरवरची बाई. पण या जिन्यात पाऊल टाकलं की माणसं बाजूला होतात, जाऊ द्या ताईला. चहा घ्या, निवतोय.

तर तुमचं म्हणणं, अकरा घरांनी एकाच आठवड्यात पोरांची औषधाची कार्डं परत का केली. अहो, भीतीने. दुसरं काय? तुमच्या ऑफिसात तिला अफवा म्हणत असतील, आमच्याकडे ती बातमी असते, कारण खरी बातमी आम्हाला सांगायला येतो कोण? दवाखान्याच्या चादरी येतात आमच्या लॉन्ड्रीत. चादर दुमडायला दोघी लागतात — दोन टोकं तिने धरायची, दोन मी, ताणायची, आणि मग टोकाला टोक लावायला एकमेकींकडे चालत जायचं. मशीनचा आवाज एवढा की लांबून काही ऐकू येत नाही. नाकासमोर नाक आलं की एक वाक्य बोलून होतं. फक्त एक. मग पुन्हा मागे. दिवसाला सहाशे चादरी. त्या दिवशी पहिल्या चादरीला ऐकलं, सरकारी औषध घेणाऱ्यांची यादी करतायत. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ऐकलं, यादीतल्यांना कायमचा परवाना नाही. पाळी सुटता सुटता — पोरांसकट परत पाठवणार. आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं चादरींवरून? मग कशावरून? तुमचं ते पत्रक आलं होतं, हो, मीच दारावर चिकटवलं. बारा पानं. पहिल्याच पानावर लिहिलेलं की हा कायदेशीर सल्ला समजू नये. मग समजायचं काय?

हो, मीच गेले होते कचेरीत विचारायला. अकरा घरांनी सांगितलं, ताई, तूच जा, तुला बोलता येतं. अर्धी पाळी बुडवून गेले, चांगली साडी नेसून. आणि खिडकीवरचा माणूस म्हणाला, नावं काढून घ्या. तेच तर सगळ्यांनी सांगितलंय ना तुम्हाला? मग. तुम्ही ते लिहूनही आणलंय, वाचलं मी तुमच्या हातात उलटं धरलेलं असताना — सवय आहे, खिडक्यांवर कागद नेहमी उलटेच दिसतात. 'कचेरीतील कर्मचाऱ्याने चुकीची माहिती दिली.' द्या, सही करते, विषय संपला.

माणूस कसा होता? माणसासारखा होता. चष्मा होता. मिशी — हो, बारीक. म्हणजे चष्मा होताच असं नाही, काचेच्या आत बसलेल्या माणसाचं सगळं काचेचंच दिसतं. तुम्ही माझी उलटतपासणी घेताय का वकीलबाई? मी तुमच्या आईच्या वयाची असेन. थांबा, तुम्हाला पुरावाच देते. माझ्याकडे कागदाचा कपटा गहाळ होत नाही. हा डबा बघा. नऊ वर्षांची विजेची बिलं, शाळेचे दाखले, लसीच्या पावत्या. आणि ही त्या दिवशीची रांगेची चिठ्ठी, तारीख छापलीय, वेळ छापलीय. एकाहत्तर नंबर. आता तरी पटलं?

काय बघताय त्या वहीत?

चौसष्ट. कोण म्हणतं खिडकी चौसष्टला बंद झाली? कचेरीची नोंद. बरं. त्यांची नोंद खरी आणि आम्ही खोटे, हे काय नवीन आहे? तीन तास उभी होते मी. तीन तास. बसायला बाक आहेत, पण बसलं की नंबर ऐकू येत नाही. चौसष्ट म्हटलं, एक बाई पुढे गेली, तिचं झालं, आणि आतल्या माणसाने पडदा ओढला. ओरडला नाही, काही नाही. जेवायला उठतात तसा उठला. मी काच वाजवली. पडद्याखालून त्याचे बूट दिसत होते, तिथेच उभे. तो ऐकत होता वकीलबाई, आणि उघडत नव्हता.

मग मी घरी आले. आणि जिन्यात — तुम्ही आता चढून आलात तोच जिना — अकरा घरं पायऱ्यांवर बसलेली. पोरांना घेऊन. मला बघून सगळी उठली. काय म्हणाले ताई? आता सांगा, काय सांगायचं मी? खिडकी बंद झाली? उद्या पुन्हा जाते? उद्याची सुट्टी मिळणार नव्हती. मला माहीत नाही, असं सांगायचं? नऊ वर्षांत या जिन्यात मी हे वाक्य बोलले नाही. तोंडातून निघून गेलं. म्हटलं, साहेब म्हणाले, नावं काढून घ्या, तेच बरं. बरंच होतं की. अंगाला काही लागू नये म्हणून माणूस बाजूला होतो तसं. त्याच संध्याकाळी इथे बसून पत्रं लिहिली. एका जुन्या अर्जात वाक्य होतं, 'ही मदत आम्ही स्वखुशीने सोडत आहोत.' चांगलं वाटलं. मानाचं वाटलं. आता तुम्ही म्हणता, त्याच एका शब्दाने घोळ केलाय — स्वखुशीने सोडलं म्हणतात, मग परत कशाला द्यायचं. म्हणजे भीतीने सोडलं असं लिहिलं असतं तर दिलं असतं? काय न्याय आहे.

ऐकलंय मी, पुन्हा नका सांगू. पोरांच्या औषधाचा आणि परवान्याचा काडीचा संबंध नाही, कधीच नव्हता. चुकीच्या माहितीवरून सोडलं असेल तर नव्वद दिवसांत परत मिळतं. ज्याने ती माहिती दिली त्याने लिहून द्यायचं, सही करायची. आणि नव्वदावा दिवस आज आहे, कचेरी पाचला बंद होते, आता सव्वातीन. सगळं कळलं. पण माझी परवान्याची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे, हे तुम्हाला कळलंय का? 'सरकारी कामात खोटी माहिती पसरवली', खाली माझी सही. काही होणार नाही म्हणता. काही होणार नाही म्हणणारे सगळे संध्याकाळी आपापल्या घरी जातात वकीलबाई. होतं ते इथे राहतं. आणि मुलाखतीचं सोडा. या जिन्यातून मी खाली कशी उतरू? दुसरा जिना नाही या इमारतीला.

डब्यात हात घालू नका.

ते पाकीट तसंच पडलंय, जुनं आहे. तिकीट लावलेलं आहे म्हणून काय झालं, तिकिटं लावून ठेवते मी. बरं, वाचलंत. वकील ते वकील. हो, माझ्याच घराचं आहे. बारावं. तेच वाक्य, तेच अक्षर. यांना साखर आहे, रोज दोन सुया, फ्रीजमध्ये दुधाच्या मागे त्यांचं इन्सुलिन असतं, मोठ्या माणसाचं असलं तरी तेही त्याच मदतीतून येतं. अकरा पत्रं मी माझ्या हाताने पेटीत टाकली. बारावं टाकायला हात आत घातला आणि — राहिलं. विसरले. रोज विसरले. नव्वद दिवस. हे मला विचारतात, आपलं औषध कसं येतं गं अजून? म्हटलं, सरकारी काम आहे, थांबायला वेळ लागतो.

दुसऱ्या मजल्यावर शिंपीण राहते, तिची पोर सात वर्षांची, दम्याची. अकरातलं पहिलं पत्र तिचं. ती पोरीला आता पंपाचे दोन झटके द्यायचे तिथे एक देते, उरलेला पुरवते. मला येऊन सांगते, कौतुकाने, ताई, एकावर भागतं हो. आणि मी म्हणते, शहाणी आहेस. असं म्हणते मी तिला, इथे, या टेबलावर —

हळू. दार वाजलं. दोन टकटक आणि मग तळहात, तीच आहे. बोलू नका, जाईल. — नाही जात. दाराखालून माझ्या चपला दिसतात तिला. ऐका, पोरही आहे बरोबर. तो खोकला नव्हे, खोकल्याच्या आधी छातीत शिट्टी वाजते ना, ती. नवं पत्र आलंय तिला, काल जिन्यातच म्हणाली होती, उद्या आणते वाचायला. तुम्ही वाचून दाखवाल? ती तुमचं ऐकून घेईल, मान हलवेल, आणि मग माझ्याकडे बघून विचारेल, ताई, खरं आहे का?

आहे गं, घरातच आहे. आले.

तो कागद राहू द्या टेबलावर. त्यातलं कर्मचारी वगैरे नको, दुसरा कोरा द्या, आणि ते पाकीट इकडे द्या. सही नंतर, मला घाई करू नका, घड्याळ मलाही दिसतंय. ये, ये आत. पोरीला त्या खुर्चीवर नको, पाय हलतो तिचा, माझ्याजवळ दे. या? या कोणी नाहीत, निघाल्यात. तुझं पत्र राहू दे जरा, ते मागाहून. आधी मला तुला एक वाचून दाखवायचंय. नाही, तुझं नाही. माझंच आहे.

वकीलबाई, तुम्ही पायरीवर थांबा. आणि दार ओढून घ्या.