एकाच रेझिस्टरवर तीन दिवे

...आणि चहा सोडणं म्हणजे गंमत वाटली का तुम्हाला? सकाळी उठल्यापासून डोकं असं ठणकतं, की देवासमोर हात जोडले तरी प्रार्थनेऐवजी जांभईच बाहेर पडते... पण नवस बोलून बसले होते ना मी! सासूबाई पॅसेजमधून कुणाचा हात न धरता एकट्या न्हाणीघरापर्यंत जाईतोवर चहाला तोंड लावणार नाही, आणि त्यांची वाट उजळायची तीही माझ्याच हातानं. आता देव काय, ऐकून घेतो. रेझिस्टर कितीचा लावणार, हे तो थोडंच विचारतो?

तुम्हाला सांगते, आमचा पॅसेज भरदुपारी काळाकुट्ट. खिडकी नाही, आणि दिव्याचं बटण कुठे, तर पार पलीकडच्या टोकाला. म्हणजे आधी अंधार ओलांडा, मग उजेड करा! तिथेच सासूबाई पडल्या. हाड वाचलं, पण धीर मोडला. तेव्हापासून पाणीसुद्धा बेतानं पितात, का, तर सारखं ‘सूनबाई, हात दे गं’ म्हणावं लागतं म्हणून. नजर अधू, वस्तू धूसर दिसतात, पण रंग बरोबर ओळखतात. म्हटलं, झालं तर मग! उंबऱ्याशी लाल, वळणावर हिरवा, न्हाणीघराच्या दाराशी निळा. चिमुकले एलईडी, आणि तीन सेलची एक डबी. घरची वीज पायाशी खेळवायला नको.

हे म्हणाले, अगं, असले दिवे तयार मिळतात. मिळत असतील. नवसाला तयार माल चालतो का?

पहिला लाल दिवा मी सरळ डबीलाच जोडला. असा लख्ख पेटला, असा पेटला... आणि गेला. कायमचा. दुकानदार म्हणाला, मध्ये रेझिस्टर लागतो. म्हटलं, द्या. ‘कितीचा?’ म्हटलं, त्यातल्या त्यात चांगला द्या. तो माझ्याकडे बघतच राहिला. ‘काकू, यात चांगला-वाईट नसतो. ज्याचं माप त्याला.’

ज्याचं माप त्याला! जसं काही मी घरात मापाशिवायच वाढते. मी नणंदेला फोन लावला. ती शाळेत विज्ञान शिकवते, आणि आई पडल्यापासून तिचा जीव तिथे लागत नाही. ती सांगू लागली, वहिनी, नळाची चावी कशी अर्धीच सोडतो, तसा रेझिस्टर. धार दिव्याला सोसेल इतकीच. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मला सगळं समजलं होतं, आमच्या घरी हे माझ्या बाबतीत नेहमीच होतं. नवा लाल दिवा आणि शंभर ओहमचा एक रेझिस्टर आणला, आणि तिघांना मिळून तोच लावला. का लावू नये? एका पातेल्यात सगळ्या घराचं शिजतं की!

लाल पेटला. हिरवा ढिम्म. निळा ढिम्म. सेल बदलले, तारा फिरवल्या, देवाला हात जोडले... लाल तेवढा ऐटीत, मोठ्या जावेसारखा.

पुन्हा फोन. नणंद हसून हसून बेजार. ‘अहो वहिनी, लालचं दोन व्होल्टांवर भागतं, हिरव्या-निळ्याला तीन लागतात. तिघं एकाच रेझिस्टरमागे बसवलेत, की लाल आधी पेटतो आणि सगळ्यांना दोनावरच अडवून धरतो.’ म्हणजे काय? ज्याचं माप त्याला! तीन सेलचे मिळून साडेचार व्होल्ट. त्यातून दोन गेले, उरले अडीच, म्हणून लालला दीडशेचा. साडेचारातून तीन गेले, उरला दीड, म्हणून हिरव्याला शंभरचा आणि निळ्याला त्याचा स्वतःचा शंभरचा. बघा हं, थोडक्यात भागणाऱ्याला लगाम मोठा आणि जास्त मागणाऱ्याला छोटा! माणसांनी ऐकून घेतलं असतं का हो? दिव्यांनी ऐकलं. तांदळाच्या दाण्याएवढे रेझिस्टर, अंगावर बारीक रंगीत पट्टे. ते निरखत कथलाचा एकेक डाग देऊन तारा जोडल्या, उंबऱ्याशी ठेवलेल्या डबीचं बटण दाबलं, आणि पॅसेजमध्ये लाल, हिरवा, निळा, तिघं शहाण्या मुलांसारखे उभे!

‘दिसतात का, आई?’

‘दिसतात. छान दिसतात.’

‘मग उठा.’

‘नाही उठायची.’

म्हटलं, धीर मोडला तो मोडलाच. तर सासूबाई अगदी शांतपणे म्हणतात, ‘तू चहा सोडलास ते मला कळत नाही होय? मीही देवाला बोललेय. सूनबाईच्या पोटात चहा गेल्याशिवाय मी एकटी पाऊल टाकायची नाही.’

आता बोला! त्या चालल्याशिवाय मी पिणार नाही, मी प्यायल्याशिवाय त्या चालणार नाहीत. देव तिकडे कपाळाला हात लावून बसला असेल. हे पेपरमागून म्हणतात, ‘दोघींनी एकाच देवाला गाठलंत. ज्याचं माप त्याला म्हणतेस, मग नवसाचं काय?’

शेवटी सासूबाईंनीच तोडगा काढला. ‘तू एक घोट, मी एक पाऊल. नवस फिटला का मोडला, ते त्याचं तो बघेल.’ मी वाफाळता कप घेऊन निळ्यापाशी उभी राहिले. त्या उंबऱ्याशी थबकल्या, लालकडे पाहिलं, भिंतीवरचा हात काढला... एक पाऊल, एक घोट. वळणावर हिरव्यापाशी इतका वेळ थांबल्या, की मी श्वास घ्यायचं विसरले, घोट कुठला घेते! आणि आल्या हो. कुणाचा हात न धरता निळ्यापर्यंत आल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘संपव की तो.’

गारढोण झाला होता. संपवला. इतक्या दिवसांनी चहा, आणि तो असा!

तर तुम्हीही लावा घरात असे दिवे, प्रत्येकाला आपापला रेझिस्टर द्या. आणि आपल्या माणसासाठी नवसही बोला, खुशाल बोला. फक्त आधी हळूच विचारून घ्या, त्या माणसानं तुमच्यासाठी काही बोलून ठेवलंय का. नाहीतर गार चहाची तयारी ठेवा.