आराम करायची खोली

...नाही, मला सांगा, आराम करणं ही काय अवघड गोष्ट आहे? गादी आहे, उशी आहे, काम सांगणारं कोणी नाही, नुसतं पडून राहायचं! तर म्हणे, "एवढं शिकून आली, साधं पडून राहता येईना हिला!" आणि हे म्हणतंय कोण? ज्यांनी मला पडू दिलं नाही तेच! दार उघडायचं नाही, एवढी एकच अट होती हो!

थांबा, नीट सांगते. मी परदेशात शिकले ते चरबीच्या पेशींवर. चरबी घालवायची कशी, ते नाही! इथेच सगळ्यांचं घोडं अडतं. चरबीची पेशी म्हणजे काय नुसतं पोतं वाटलं तुम्हाला? अहो, कोठार सांभाळणारी चोख बाई आहे ती! जास्तीचं आलं की रचून ठेवते, लागलं की काढून देते, वर मेंदूला निरोप धाडते, "भरपूर आहे घरात, आता खाणं पुरे." पण कोठारात जागा उरली नाही, की तोच माल यकृतात, स्नायूंत, नको तिथे जाऊन पडतो, आणि रक्तातल्या साखरेचं गणित बिघडतं. आता काहींचं कोठारच लहान. दिसायला काडी, आणि साखर ही एवढी! माझे बाबा तसे. फुंकर मारली तर उडतील, आणि साखर बघून डॉक्टर विचारतात, "रिपोर्ट तुमचाच ना?" तर बाबांचं शरीर रात्रभर काय जाळतं, साखर की चरबी, एवढंच मला बघायचं होतं. त्यासाठी परत आले, त्यासाठी इथल्या संशोधन संस्थेत ती खोली उभी केली. माणूस आत, दार बंद, आत जाणारी हवा मोजायची, बाहेर येणारी हवा मोजायची, की कळतं आत काय जळलं. दार उघडलं की बाहेरची हवा आत, आणि सगळं मुसळ केरात!

संचालक म्हणाले, "मॅडम, आधी एक निरोगी माणूस दिवस-रात्र आत ठेवा, मशीन खरं बोलतं हे दाखवा, मग वडिलांना घ्या. शुक्रवारपर्यंत नाही जमलं, तर तिथे सभागृहाच्या जुन्या खुर्च्या ठेवू. भिजताहेत हो बिचाऱ्या!" खुर्च्यांची दया आली त्यांना, माझ्या बाबांची नाही!

माणूस कुठून आणू? कोणी तयार होईना. गेले मीच आत. आमचा तंत्रज्ञ, त्याला सगळे पाना म्हणतात, कारण खिशात पाना नाही असं कधी होत नाही, तो दार लावताना म्हणाला, "मॅडम, उठायचं नाही, हातवारे नाहीत, चिडायचं नाही. तुम्ही तापलात की ग्राफ तापतो." मी म्हटलं, "पाना, मी आणि चिडेन?"

आणि मग आत बसल्यावर माझ्या लक्षात आलं. खोलीला एकच मोठी काच. काचेचा पडदा बाहेरून! बोलायचं बटण बाहेरून! आराखडा कोणाचा? माझा! आतल्या माणसावर नीट लक्ष राहावं म्हणून! आतल्या माणसालाही कधी वाटेल की पुरे झालं लक्ष, हे सुचलं का मला?

पहिला आला रखवालदार. "मॅडम, उद्यापर्यंत इथेच ना? कुठे जाणार नाही ना?" मी म्हटलं, "नाही, दादा." की त्याने शर्ट वर केला आणि पोट काचेला टेकवलं! "मग हे कशाने जाईल तेवढं सांगा." मी म्हटलं, "दादा, मी ती डॉक्टर नाही. चरबी वाईट नसते." तो म्हणाला, "अगदी बरोबर. पण जाईल कशाने?"

झालं! बातमी फुटली. बाई आत आहेत, पळता येत नाही! तुम्हाला सांगते, काचेपुढे रांग! हिशेब खात्यातल्या काकू सुनेला दंडाला धरून घेऊन आल्या. "दाखव मॅडमना. खाण्यावर ताबा नाही हिचा, मॅडम, जरा सुनावा!" ती पोरगी जमिनीकडे बघतेय... मी ताडकन उठले. "काकू, एक अक्षर बोलू नका तिला! कोणाचं शरीर कसं साठवतं, ते तुमच्या टोमण्यांनी ठरत नाही!" ती पोरगी पहिल्यांदा वर बघून हसली, आणि तिकडून पाना ओरडला, "मॅडम, बसा खाली, ग्राफ छताला लागला!"

आणि मग... आत्या. बाबांची मोठी बहीण. मागोमाग बाबा, हातात तिची पिशवी. "अगं बाई! एवढं शिकून शेवटी पिंजऱ्यात? बाहेर ये आधी!" आत्या, दार उघडायचं नाही. "घरच्या माणसालासुद्धा?" कोणालाच नाही! मग तिने खुर्ची ओढली, बटणावर अंगठा ठेवला, आणि तो अंगठा जो बसला! बटण दाबलेलं असेपर्यंत माझा आवाज बाहेर जातच नाही! "माझे गुडघे बघ. मी खातेच काय गं? वास घेऊन फुगते मी!" मधेच बाबांना, "अरे तू सरळ उभा राहा. पाणी पिऊ नकोस एवढं." की परत मला, "काय गं, तू उत्तर का देत नाहीस? हिला आत हवा पुरत नाहीये! थांब, मी उघडतेच..." आणि उठली ती थेट दाराच्या कडीकडे!

पाना धावेपर्यंत उशीर झाला असता. पण बाबा, जन्मात जे आत्यापुढे "हूं" च्या पुढे गेले नाहीत ते माझे बाबा, पिशवी टाकून दारापुढे उभे राहिले. दोन्ही हात पसरून. "ताई, दार उघडायचं नाही."

आत्या परत खुर्चीत! मी आत ढसाढसा रडले. ग्राफचं काय झालं असेल, तुम्हीच सांगा.

दुसऱ्या दिवशी संचालकांपुढे कागद उलगडला. मी मनात खुर्च्या मोजत होते. पाना बोट ठेवत गेला. "हा उंचवटा रखवालदार. ह्या काकू. हा डोंगर, ह्या आत्याबाई. आणि डोंगरावरचं हे टोक म्हणजे मॅडमचं रडणं." संचालक म्हणाले, "ह्यात आराम कुठाय?" पाना म्हणाला, "आराम नाही, साहेब. पण मशीनने एक माणूस सोडलेला नाही." संचालकांनी कागद दोनदा बघितला. "मशीन खरं बोलतंय. खुर्च्यांचं बघू दुसरीकडे."

मी लगेच पडदा आतून लावून घेतला. बटणही आतून. आणि काल बाबांना आत नेलं. आत जाताना विचारतात, "दार उघडता येतं का?" मी म्हटलं, "येतं, बाबा, घाबरू नका, आतून केव्हाही येतं." तर म्हणाले, "तसं नाही. बाहेरून कोणाला उघडता येत नाही ना, ते विचारतोय." मी पानाकडून बाहेरची कडी काढून घेतली. बाबांनी पडदा ओढला, बटण बंद केलं, आडवे झाले. पाना सांगतो, इतका सरळ ग्राफ त्याने उभ्या आयुष्यात पाहिला नाही. आता विचारताहेत, "आणखी एक रात्र ठेवाल का? विज्ञानासाठी?"

आणि मी? मी बाहेर. आत्याच्या शेजारच्या खुर्चीत. "तू आता मोकळीच आहेस ना? बस. तर गुडघ्यांचं मी काय सांगत होते..." काय करू, सांगा! आत होते तेव्हा निदान दार तरी होतं हो. इथे उघडायलाही नाही आणि लावायलाही नाही!