तांडेलाने तीन वेळा सांगितले त्याबाबत

जबाब
दिनांक १६ जानेवारी, सकाळी ११ वाजून २० मिनिटे

नाव : जोतीराम विष्णू बाबर, वय ५६ वर्षे, व्यवसाय वार्ताहर, शिक्षण एम.ए. संस्कृत, राहणार कृष्णामाई सोसायटी, दुसरा मजला, नेरूळ, नवी मुंबई. मूळ राहणार तालुका वाई, जिल्हा सातारा.

समक्ष ठाण्यात हजर होऊन, विचारल्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नीसह राहतो. गेली बावीस वर्षे एका मराठी दैनिकाला नवी मुंबईच्या बातम्या पाठवतो. पाणी बंद, रस्ता बंद, शिबिर संपन्न, अशा स्वरूपाच्या. लहानपणी वाईला पाठशाळेत शिकलो असल्याने सणाच्या दिवशी पंचांगाची चौकटही माझ्याच गळ्यात पडते. शिक्षणाचा रकाना जबाब घेणाऱ्या हवालदार मॅडमनी भरून घेतला म्हणून हे सांगितले. पुढे त्याचा संबंध येतो.

मयत बाबासो ज्ञानू शेलार, वय ६८ वर्षे, हे माझ्या समोरच्या दारात राहत. वाशीच्या घाऊक बाजारात त्यांनी एकतीस वर्षे माथाडी म्हणून कांद्या-बटाट्याच्या गोणी वाहिल्या. मी त्यांना आबा म्हणत असे व ते मला शास्त्री म्हणत. रोज पहाटे आम्ही दोघे फिरायला जात असू. त्यांना मधुमेह होता व सकाळी ते इन्सुलिनची सुई घेत, हे मला माहीत होते. मॅडमनी इथे "माहीत असावे" असे लिहिले होते. ते "माहीत होते" असे करून घेतले.

आबांचा मुलगा शिवतेज याने तक्रार दिली आहे की, बोटीचा तांडेल मिथुन कोळी, राहणार दिवाळे, याने हयगयीने बोट चिखलात बसवली व आबांची तब्येत बिघडल्यावर बोट सोडून तो पळून गेला. मिथुन काल दुपारपासून ठाण्यात बसून आहे व त्याचा परवाना जमा करून घेतला आहे, असे मला समजले. मी बोटीवर होतो व पेपरवाला आहे, म्हणून शिवतेजनेच साक्षीदार म्हणून माझे नाव दिले आहे. आज सकाळी त्यानेच मला त्याच्या मोटरसायकलवरून इथे आणले. मला जे माहीत आहे ते पुढीलप्रमाणे.

दिनांक १४ जानेवारी रोजी मकर संक्रांतीनिमित्त आमच्या सोसायटीने खाडीत सहल काढली. दरवर्षी हा कार्यक्रम गच्चीवर होतो. यंदा गच्चीवर वॉटरप्रूफिंगचे काम चालू आहे. दिवाळ्याजवळच्या जेट्टीवरून एक बोट सकाळी दहा ते दुपारी एक या वेळेसाठी ठरवली होती. लहान-मोठी धरून आम्ही त्रेचाळीस जण होतो. बोटीवर तांडेल मिथुन व खलाशी कान्हा भोईर असे दोघे होते. सर्वांना लाइफ जॅकेट दिली होती. फोटो होईपर्यंत ती सर्वांच्या अंगावर होती.

स्वयंपाक आबांच्या पत्नी वेणूबाई व आणखी सहा महिलांनी पहाटे चारपासून केला होता. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, मिश्र भाजी, मुगाची खिचडी, गुळपोळ्या व तूप. पावणेबारा वाजता पंगत बसायची ठरले होते. आबांनी नऊ वाजता सुई घेतली होती ती याच हिशेबाने.

आम्ही दहा वाजून दहा मिनिटांनी निघालो. हवा चांगली होती. साडेअकरापर्यंत महिलांचे हळदीकुंकू झाले. वाण म्हणून प्रत्येकीला गाळणी मिळाली. पंगतीची पाने मांडताना वेणूबाईंनी पर्समधून पेपरचे एक कात्रण काढून मला दाखवले. त्यात "संक्रांतीचा पुण्यकाळ दुपारी ३ वाजून १३ मिनिटांपासून" अशी चार ओळींची चौकट होती. चौकट मी लिहिलेली होती. वेणूबाई म्हणाल्या, "भावजी, मग आता जेवायचं का पुण्यकाळ लागल्यावर?"

शास्त्रात पुण्यकाळ स्नानदानासाठी सांगितला आहे. दुपारच्या जेवणाचा त्याच्याशी संबंध नाही. हे मला ठाऊक होते व एका वाक्यात सांगता आले असते. परंतु कार्यक्रमाचा माईक माझ्या हातात होता व मी गमतीने म्हणालो की, "ज्याला पुण्य हवं त्याने थांबावं. ज्याला भूक लागली असेल त्याने खुशाल बसावं." लोक हसले. त्यानंतर एकही जण पानावर बसला नाही. चारचौघांत पुण्यापेक्षा मला भूक जास्त आहे असे कोण म्हणणार? पाने उचलून ठेवली. सव्वातीनला तिळगूळ वाटून मग पंगत, व तोपर्यंत बोट खाडीतच थांबवायची, असे सोसायटीच्या सेक्रेटरींनी माईकवरून जाहीर केले. मी दुरुस्ती केली नाही. एक विनोद चालला म्हणून बरे वाटत होते.

बोट थांबवण्याबाबत मिथुनला कोणी विचारले नव्हते. तो सव्वाबारा वाजता स्वतःहून पुढे आला व सेक्रेटरींना म्हणाला, "सायब, पानी उतरतंय. आता वळवाला पायजे, नायतर बोट चिखलान बसल." सेक्रेटरी म्हणाले, "समोर एवढं पाणी दिसतंय की." मिथुन म्हणाला, "इथं हाय. जेटीच्या तोंडाला नाय रहायचा." त्याला बघू म्हणून सांगण्यात आले. ही पहिली वेळ.

साडेबारा वाजता तो पुन्हा आला. त्या वेळी तंबोला चालू होता. आकडे सांगणाऱ्या बाईंनी त्याला हाताने थांबवले. तो एक आकडा पुकारून होईपर्यंत थांबला, मग बोलला. बाईंनी पुढचा आकडा पुकारला. ही दुसरी वेळ.

तिसऱ्या वेळी तो माझ्याकडे आला. तेव्हा बारा वाजून चाळीस मिनिटे झाली होती. वेळ मी खात्रीने सांगतो, कारण त्याने स्वतःचे घड्याळ माझ्यापुढे धरले. तो म्हणाला, "काका, तुमी पेपरवाले. हे लोक तुमचा ऐकतान. आता निंगालो तर लागू जेटीला. नंतर माझ्या हातान नाय." मी त्याला म्हणालो, "अरे, सूर्य मकरेत जायचा थांबलाय आणि तुला कसली घाई? तू तर स्वतःच एक रास आहेस." आजूबाजूचे लोक पुन्हा हसले. मिथुनही थोडा हसला. गिऱ्हाईक हसले की हसावे लागते. मग तो मागे इंजिनाकडे गेला.

हसण्यामुळे विषय संपला, असे माझे म्हणणे आहे. मॅडमनी विचारले की हे जबाबात हवेच आहे का. हवे आहे.

याच सुमारास वेणूबाईंनी एका ताटलीत भाकरी व भाजी काढून आबांना दिली व म्हणाल्या, "तुमी खाऊन घ्या. सुई घेतलीया सकाळी." आबा म्हणाले, "समदी थांबल्याती. शास्त्री बी थांबलाय. म्या एकटाच खात बसू व्हय?" त्यांनी ताटली झाकून बाकाखाली सरकवली. मी त्यांच्यापासून एका हातावर होतो. मी थांबलो नव्हतो. बाराच्या सुमारास मी मागच्या बाजूला जाऊन डब्यातून एक गुळपोळी खाल्ली होती. ते मी आबांना सांगितले नाही.

एक वाजून पाच मिनिटांनी मिथुनने कोणाला न विचारता बोट वळवली. काही जणांनी आरडाओरडा केला की आमची वेळ सव्वातीनची ठरली आहे. त्याने ऐकले नाही. तो हयगयीने वागला असे म्हणायचे असेल, तर त्या दिवशी बोटीवर हयगय न करणारा तोच एक होता. एक वाजून वीस मिनिटांनी जेट्टीच्या अलीकडे साधारण अर्ध्या किलोमीटरवर बोट चिखलात बसली. धक्का लागला नाही. नुसती हळू होत होत थांबली.

सुरुवातीला सर्वजण खुशीत होते. पुण्यकाळ आता जागच्या जागी मिळेल, असे सेक्रेटरी म्हणाले. फोटो झाले. मिथुन व कान्हा मदतीसाठी फोन करत होते. पाणी चढेपर्यंत मोठी बोट येणार नाही, असे त्यांना कळवण्यात आले. समोर जेट्टी दिसत होती. तिथे एकपासून आईवडिलांना न्यायला आलेला शिवतेज उभा होता, तोही दिसत होता. आबांनी त्याला हात केला.

दोनच्या पुढे आबांना घाम येऊ लागला. मी विचारले तर म्हणाले, "ऊन हाय. कांद्याच्या गाळ्यात ह्याच्या चौपट असायचं." अडीचला ते मला दुसऱ्याच नावाने हाक मारू लागले. नाव त्यांच्या बाजारातल्या एका जुन्या जोडीदाराचे होते, जो हयात नाही. वेणूबाईंनी तिळाचा लाडू कुस्करून त्यांच्या तोंडात घातला. तो चावला गेला नाही. साखरेचे पाणी दिले, ते ओठांच्या कडेने खाली आले. बोटीवर त्या वेळी त्रेचाळीस माणसांचे गोडाचे जेवण होते.

मिथुन आला, त्याने आबांचा हात हातात घेऊन पाहिला व कान्हाला म्हणाला, "तू हितंच रव. कोनाला खाली उतरू देऊ नको." मग त्याने पायातले काढले, इंजिनावरच्या झाकणाची फळी घेतली व तो चिखलात उतरला. वेळ दोन वाजून चाळीस मिनिटे. चिखल त्याच्या कमरेच्या वर होता. फळी पुढे टाकायची, तिच्यावर छातीने रेलायचे, पाय ओढून घ्यायचे, असा तो गेला. अर्ध्या वाटेत फळी रुतली, ती त्याने सोडून दिली. किनाऱ्याला लागायला त्याला सुमारे पंचवीस मिनिटे लागली.

शिवतेजने त्याला चिखलातून एकटा वर येताना व गावाकडे धावत जाताना पाहिले. "माझे बाबा बरे आहेत ना?" असे त्याने विचारले असता मिथुन न थांबता पुढे गेला. हे शिवतेजचे म्हणणे खरे आहे. आम्हाला बोटीवरून ते दिसले. परंतु तो होडी आणायला धावत होता. शिवतेजला ते कळण्याचे कारण नव्हते. त्याने जे पाहिले तेच सांगितले आहे.

तीन वाजून तेरा मिनिटांनी माझ्या मोबाइलचा गजर वाजला. मीच सकाळी लावला होता. तो मी बंद केला. कोणी तिळगूळ वाटला नाही.

तीन पस्तीसला मिथुन एक लहान सपाट बुडाची होडी घेऊन आला. ती चिखलावरून ढकलत आणावी लागते. ढकलायला त्याची आई विमलबाई व दिवाळ्यातल्या आणखी चार बायका होत्या. त्या मासळी वाळत घालण्याचे काम टाकून तशाच आल्या होत्या. आबांना होडीत झोपवले. वेणूबाई बरोबर जायचे म्हणाल्या, पण वजन चालणार नव्हते. विमलबाई त्यांना म्हणाल्या, "बाय, तू रव. मी हाय ना त्यांच्याजवल." मिथुन आमच्यासाठी बोटीवर राहिला व त्या पाच जणींनी होडी ढकलत नेली. चार वाजून दहा मिनिटांनी ती किनाऱ्याला लागली. तिथून शिवतेजने आबांना रिक्षातून रुग्णालयात नेले. दाखल करण्यापूर्वीच ते गेल्याचे सांगण्यात आले. मृत्यूचे कारण डॉक्टर लिहितील. त्याबद्दल मी बोलणे योग्य नाही.

आम्ही उरलेले लोक सव्वासहाला पाणी चढल्यावर जेट्टीला लागलो. वेणूबाईंना तोपर्यंत काही कळवले नव्हते. सर्वांकडे फोन होते, किनाऱ्यावरून ते वाजत होते. कोणी उचलत नव्हते.

काल सोसायटीच्या ग्रुपवर तांडेल दारू प्यायला होता, असे एकाने टाकले. त्यावर सतरा जणांनी पसंतीचा अंगठा दिला. तिसऱ्या वेळी घड्याळ दाखवताना मिथुनचे तोंड माझ्यापासून एका वितीवर होते. तो प्यायलेला नव्हता. बोटमालकाने आपण तांडेलाला एक वाजेपर्यंतच परवानगी दिली होती, असे सांगितल्याचे समजते. ते बरोबर आहे. मिथुनलाही एकच्या आतच यायचे होते.

तुमची कोणाविरुद्ध तक्रार आहे का, असे मॅडमनी विचारले. मिथुन कोळी याच्याविरुद्ध नाही. त्याने तीन वेळा सांगितले व तिसरी वेळ मी घालवली. मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही हे स्वतःच्याच अंगावर घेताय. उद्या तुम्हालाही बोलावतील." बोलावले तर येईन. घर जवळच आहे.

शिवतेज त्या वेळी बाहेर बाकावर बसला होता. मी काय सांगितले हे त्याला माझ्याकडूनच कळावे. बाहेर जाऊन पुन्हा पहिल्यापासून सांगणे मला झेपेल असे वाटले नाही, म्हणून जबाब वाचताना त्याला आत बोलावण्याची विनंती केली. मॅडमनी वरिष्ठांना विचारून त्याला आत घेतले. त्याला खुर्ची दिली, ती त्याने घेतली नाही.

हा जबाब महिला पोलीस हवालदार स्नेहल मॅडम यांनी संगणकावर टंकलिखित केला व शिवतेजच्या समक्ष मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचून झाल्यावर शिवतेजने मला विचारले, "काका, तो तिसऱ्यांदा बोलला तेव्हा पाणी होतं?"

होते, असे मी सांगितले. त्याचा प्रश्न व माझे उत्तर दोन्ही जबाबात घेतले आहे. सर्व मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला असून तो बरोबर आहे.

सही
(जोतीराम विष्णू बाबर)