पनवेल की मछलीबंदर

रामकिसन: ते सगळं ठीक आहे, सुग्रीवदादा. पण कार्डावर पत्ता कुठला घालू?

सुग्रीव: घालू की. घाई काय हाय, मुनशीजी? आधी आतला मजकूर तर होऊ द्या.

रामकिसन: मजकूर पत्त्याच्या मागून येतो. पनवेलला तुमचा भाचा, मछलीबंदरला तुमचा मेव्हणा. एक मावळतीच्या दर्यावर, दुसरा उगवतीच्या. मध्ये अख्खी निजामाची मोगलाई पसरलेली. आणि इंग्रजी मुलखात चालणारं कार्ड माझ्याकडं हे एवढं एकच उरलंय. दुसरं बीडहून येईपर्यंत दसरा उलटेल.

साखराबाई: दसरा उलटला म्हंजी थंडी आलीच.

(नांदूरघाटचा बाजार, सकाळची वेळ. रामकिसन मुनशी एके काळी तहसिलीत कारकून होता. आता बाजाराच्या दिवशी लिंबाखाली पेटी मांडून लोकांची पत्रं लिहितो. समोर बसलाय सुग्रीव, ज्यानं पंचवीस वर्षं दर्याकाठचं मीठ बैलांच्या पाठीवर वाहून आणलं. शेजारी त्याची बायको साखराबाई. तिला दोन वाक्यांच्या मध्ये दम खावा लागतो, पण म्हणून ती बोलायची राहत नाही.)

रामकिसन: हकीमसाहेब नेमकं काय म्हणाले?

साखराबाई: म्हणले, बाई, औंदाचा हिवाळा ह्या डोंगरावर काढू नका. दर्याच्या काठाला जा, तिथं थंडी पडत न्हाई. छाती मोकळी ऱ्हाईल. इथंच बसणार असाल तर... तर मंग मला बोलवायला माणूस धाडू नका, म्हणले.

सुग्रीव: तसं न्हाई म्हणले.

साखराबाई: तसंच म्हणले. तुमी तवा बाहेर बैलाला पाणी दावत व्हता.

रामकिसन: मग यात विचार करण्यासारखं काय आहे? आणि दादा, तुम्ही तर दोन्ही समुद्र पाहिलेले. या पंचक्रोशीत असा दुसरा माणूस नाही. तुम्हीच सांगा, कोणता बरा?

सुग्रीव: त्याचं असं हाय. पनवेल म्हणाल, तर बोली आपली. समोरचा काय बोलतोय ते कळतंय. माडं काय, आंबं काय. मिठागराचं पांढरंफेक रान, बघत ऱ्हावं. पण पाऊस लई बेकार. चार म्हैने अंगावरचं घोंगडं वाळत न्हाई. दम्याच्या माणसाला झेपंल का ते?

रामकिसन: मग मछलीबंदर.

सुग्रीव: मछलीबंदर बी लई बेस. हिचा सख्खा भाऊ गहिनीनाथ तिथं रेल्वेच्या फाटकावर हाय. खोली सरकारी. पाऊस बेताचा. पण बोली तेलंगी. चिमूटभर हळद मागायची तर हातवारे करावे लागतील. आन तुफान येतंय तिकडं. घरंच्या घरं वाहून जातात.

रामकिसन: म्हणजे पनवेल.

सुग्रीव: पनवेल म्हणलं तर मंग...

साखराबाई: हे असं चैतापासून चाललंय, मुनशीजी. सकाळी पनवेल, सांजच्याला मछलीबंदर. भाकरी थापता थापता माझे दोनी समुद्र फिरून व्हतात.

रामकिसन: मग तुम्हीच सांगा, साखराबाई. दमा तुमचा, मुक्काम तुमचा.

साखराबाई: पनवेल लिव्हा.

सुग्रीव: पनवेल? अगं, भाऊ तिकडं हाय तुझा. अकरा सालं झाली त्याला बघून.

साखराबाई: पनवेल म्हणलं ना. कावून इचारताव? तुमचाच भाचा हाय.

रामकिसन: ठरलं तर. चिरंजीव राधाकिशन यास... बोला, पुढं काय लिहू?

साखराबाई: त्याचं घर पाण्यापासून किती लांब, ते इचारा. गहिनीनाथनं मागं लिव्हलंवतं, दिसातून दोन बारी पाणी पार बांधापर्यंत चढतंय आन आपलंआपण माघारी जातंय. पनवेलला बी तसंच हाय का म्हणावं.

सुग्रीव: हे न्हाई लिव्हायचं. गहिनीनाथ काहीबी कळवतोय. दर्या काय ओढा हाय का, चढायला आन उतरायला? जागच्या जागी असतो तो.

रामकिसन: दादा?

सुग्रीव: काय?

रामकिसन: दर्या रोज चढतो आणि रोज उतरतो. भरती-ओहोटी म्हणतात तिला. मी एकदा मुंबईला लग्नाला गेलो होतो, तिथं या डोळ्यांनी पाहिलं. दर्याकाठी एक रात्र काढली तरी माणसाला हे माहीत होतं.

सुग्रीव: मी गेलतो तवा न्हवता चढत.

रामकिसन: अख्खी पंचवीस वर्षं?

सुग्रीव: लिव्हा तुमी, मुनशीजी. बाजार भरत आला. लोकं खोळंबतील.

साखराबाई: अवो. माझ्याकडं बघा.

सुग्रीव: बघतोय की.

साखराबाई: लिंबाकडं बघताव तुमी. समुद्र पाह्यलाय ना तुमी?

सुग्रीव: आता ते कशाला मधीच?

साखराबाई: पाह्यलाय ना?

सुग्रीव: न्हाई.

रामकिसन: कोणता नाही?

सुग्रीव: कोणताच न्हाई.

साखराबाई: माय गं माझी.

सुग्रीव: ऐक. तांडा घाटाच्या माथ्यावर थांबायचा. खालच्या दमट हवेत आमची बैलं बीमार पडायची, म्हणून जास्तीची वरच ठेवायची. त्यांच्यापाशी कोणीतरी पायजे. थोरला भाऊ बिभीषण खाली जायचा, मी वर. पैल्या साली मी बारीक व्हतो म्हणून. मंग दरसाल मीच. बिभीषण मीठ घिऊन वर आला की सारं सांगायचा. माडं, आंबं, होड्या. तेच मी गावात येऊन सांगायचो.

साखराबाई: आन मछलीबंदर?

सुग्रीव: बेजवाड्यापर्यंत गेलतो. खरंच गेलतो. तिथं किस्ना लागली. पाणी चढलेलं, पल्याडचा काठ दिसंना. मला वाटलं, हाच समुद्र. हिवतापानं तिथंच पडलो. उठून बसलो तवर तांडा मीठ भरून माघारी आला व्हता. मंग लोकं म्हणली, अरे, ती नदी व्हती.

साखराबाई: आन मला तीस सालं काय सांगितलं? दर्यात गुडघाभर उभं राहून दांडग्या बैलाचं अंग धुतलं म्हणून?

सुग्रीव: ते किस्नेत धुतलंवतं.

रामकिसन: पण खोटं बोलायचं कारण काय, दादा? न पाहणं हा काही गुन्हा नाही.

सुग्रीव: हिचा बाप सोयरीक घिऊन आला तवा इचारला, जावईबापू, दर्या पाह्यलाय का? ही दाराआडून बघत व्हती. मी म्हणलं, एक न्हाई, दोन पाह्यलेत. झालं. मंग माघार कुठनं घिऊ? चावडीवर लोकं बसवून घ्यायची, सांग म्हणायची. सांगता सांगता मलाच खरं वाटायला लागलं व्हतं.

साखराबाई: म्हणून चैतापासून कारड न्हाई लिव्हलं.

सुग्रीव: हां.

साखराबाई: सा म्हैने.

सुग्रीव: भाचा म्हणंल, मामा, दाव तुझा तो मुक्काम कुठं पडायचा. गहिनीनाथ म्हणंल, दाजी, काय काय ओळखू येतंय? काय दावणार व्हतो मी? लाज वाटत व्हती गं. रोज म्हणायचो, उद्या लिव्हू.

साखराबाई: आन मी इथं उद्या दिसतोय का न्हाई, म्हणून श्वास मोजत व्हते.

सुग्रीव: चुकलं माझं. लई चुकलं. बोल, काय बोलायचं ते. मुनशीजींसमोर बोल.

साखराबाई: थांबा जरा. दम घिऊ द्या.

रामकिसन: पाणी देऊ का?

साखराबाई: नको. मला काय वाटत व्हतं, सांगू? मला वाटलं, हे मला गहिनीनाथच्या दारात सोडून माघारी येणार.

सुग्रीव: तुला सोडून?

साखराबाई: आपल्या गावच्या दगडाबाईचं काय झालं? तिच्या नवऱ्यानं हवापालट म्हणून माहेरी नेली. गाडीवरनं उतरवली आन पाणी बी न पिता बैलं माघारी फिरवली. माझं तर ना मूल ना बाळ. दिवसभर खोकणारी बायको कोण सांभाळतंय? मला वाटलं, त्याच इचारात पडलेत. सोडायची म्हणून जीव तुटतोय, म्हणून पत्ता ठरत न्हाई.

रामकिसन: म्हणून तुम्ही पनवेल म्हणालात?

साखराबाई: भाच्याच्या घरात मला एकटीला सोडून ह्यांना येता आलं नसतं. भाऊ काय, मला ठिऊन घेतला असता. जिवावर आलं म्हणताना, पण म्हणलं पनवेल.

सुग्रीव: साखरा, मी एकटा इथं काय करणार व्हतो? रातच्याला तुझा खोकला ऐकू आला न्हाई तर मी उठून बघतो, श्वास चाललाय का. मला त्या खोकल्याबिगर झोप येत न्हाई आता. आन मी तुला सोडून येणार? येडी का काय तू.

साखराबाई: मला कसं कळावं? तुमी तर नुसती माडं आन आंबं सांगताव.

सुग्रीव: रागावलीस?

साखराबाई: रागावणार हाय. घरी गेल्यावर. आता न्हाई. आता लई हलकं वाटतंय बघा, डोक्यावरची भरली पाटी कोणी उतरून घेतल्यावानी.

रामकिसन: घ्या. आणि माझं हे एकुलतं एक कार्ड?

साखराबाई: खराब झालं का? राधाकिशनचं नाव घातलं?

रामकिसन: नाही. आधी वर 'श्री' काढला आणि तुमची कहाणी ऐकत बसलो. पत्त्याची बाजू कोरी आहे.

साखराबाई: मंग मछलीबंदर लिव्हा.

सुग्रीव: तेलंगी बोली चालंल तुला?

साखराबाई: तुमाला येत न्हाई, मला बी येत न्हाई. संगच शिकू. आजवर तुमी सांगायचं आन मी ऐकायचं, असं व्हतं. आता दोघं बी नवेच. मला तर ह्याचंच बरं वाटतंय.

सुग्रीव: आन ते तुफान?

साखराबाई: तुमी पाह्यलंय का तुफान?

सुग्रीव: न्हाई. बिभीषण सांगायचा.

साखराबाई: मंग आलं तर बघू. गहिनीनाथ तिथं लेकराबाळांनिशी जगतोयच की.

रामकिसन: तीर्थरूप... नाही, मेव्हणा धाकटा आहे. चिरंजीव गहिनीनाथ यास, मुक्काम मछलीबंदर. हकीमसाहेबांनी सांगितल्यावरून साखराबाईंची तबियत सुधारावी म्हणून दसऱ्याआधी निघत आहोत. आणि दादा, बिनघोर राहा. तुमच्या दर्याची गोष्ट या पेटीत बंद. नांदूरघाटात कुणाला कळायची नाही.

सुग्रीव: कळू द्या, मुनशीजी. आता काय हरकत हाय?

रामकिसन: बरं. शेवटी थोडी जागा उरलीय. तुमच्याकडून काही?

सुग्रीव: लिव्हा. आमी दोघं ऱ्हायलाच येतोय, माघारी कोणीच जाणार न्हाई. आन तुझ्या दाजीनं समुद्र कधी पाह्यलेला न्हाई, तवा टेसनावर न्यायला ये.