एक वीत खोल

...हसू नका हो! आणि हळू बोला. त्या पायरीवर बसल्यात ना, त्या माझ्या सासूबाई. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना मुंगीसुद्धा दिसते, मी तर चांगला सव्वापाच फुटांचा! तुम्हाला सांगतो, एक वीत हो, फक्त एक वीत... तेवढ्यात सगळा घोळ झाला.

सासूबाई ऑपरेशनसाठी तीन आठवडे थोरल्या मुलीकडे, आणि ही संत्र्यांची बाग माझ्यावर. मी छत्र्या विकणारा माणूस! बघतो तर झाडांखाली गुडघाभर गवत, त्यात कुजका पाला. म्हटलं, बिचारीला होत नसेल या वयात. नांगरून लख्ख करू, पट्टी काढून बघतील तर खूश! बायको म्हणाली, "अहो, आईला विचारलंत का?" त्यात काय विचारायचं? ट्रॅक्टरवाला म्हणाला, "वरवर घालू की खोल?" आता चारचौघांत 'वरवर' कोण म्हणेल? म्हटलं, "घाल खोल!"

नांगर फिरतोय आणि खालून आवाज... कट्, कट्, कट्. म्हटलं, "खडे असतील." तो म्हणाला, "खडे असे वाजत नाहीत, मालक." अकरा ओळी झाल्या आणि बारावीच्या, म्हणजे शेवटच्या ओळीच्या तोंडाशी डिझेल संपलं; तो गेला तो परत आलाच नाही. मी त्याला काय काय बोललो! आज त्या रिकाम्या टाकीचे पाय धरावेसे वाटतात.

चौथ्या दिवशी पानं वळली. सहाव्या दिवशी फळं... टप्. टप्. लिंबाएवढी हिरवी फळं हो! रोपवाटिकेवाल्याला फोन लावला, तर तो ओरडला, "अहो काका, झाडाची खाणारी मुळं असतात कुठं? वरच्या एक वीत मातीत! गवत-पाला त्यांचं पांघरूण. तुम्ही पांघरूण ओढलंत आणि झाडाचं तोंडच कापलंत!" एक वीत हो, फक्त एक वीत! मला वाटलेलं, मुळं पार पाताळात जातात! घरात पंख्याचं बटण कट् वाजलं तरी दचकायचो. गळलेली फळं पोत्यात भरली, पोतं पलंगाखाली सारलं. पण झाडं? झाडं कुठे लपवणार?

आल्या. काळा चष्मा लावून. मी म्हटलं, "आधी पाणी तरी घ्या..." छे! सरळ ओळीत शिरल्या, वाकल्या, मातीतून एक तुटकं मूळ उचललं आणि त्यावरून नुसतं बोट फिरवत बसल्या. शिव्या चालल्या असत्या हो मला! चष्म्याखालून पाणी आलं. डॉक्टरांनी बजावलेलं, रडायचं नाही! मी रुमाल पुढे केला, तर म्हणाल्या, "बारावी ओळ कशी राहिली?"

"डि... डिझेल संपलं."

ते मूळ माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "वीस वर्षं सांगतेय, बागेत खोल नांगर घालू नका. कुणाला पटत नाही. आता दाखवायला तरी झालं. रविवारी माणसं बोलावते. सांगायचं तुम्ही."

म्हणून हा कार्यक्रम! ही बघा अकरावी, बोडकी. ही बारावी, फळांनी वाकलेली. बाकीची जगतील का? गवत आणि मुळं पुन्हा धरेपर्यंत दोन वर्षं थांबा, सासूबाई म्हणतात. रोज सकाळी पालवी शोधतो. तोवर दर रविवारी मी इथे उभा. एक वीत हो, एवढीच... बघा, लाजेनं बोटं जरा आखडली, की पायरीवरून आलाच आवाज!

"जावईबापू, वीत पूर्ण दाखवा!"

दाखवतो, बाई. दाखवतो.